मॉरिशसच्या बाईंना, रत्नागिरीहून

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र फक्त तुम्हाला पाठवता आलं असतं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण मे महिन्याच्या सुट्टीत मॉरिशसला जाणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटेलच असं नाही. तुम्ही आम्हाला दाखवलंत ते त्यांनीही पाहावं, एवढीच इच्छा. नाव घालू नकोस असं तुम्हीच सांगितलंत, म्हणून नुसतं ‘बाई’.

फ्लिक आं फ्लाकच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली आमचं बोलणं ऐकून तुम्ही थांबलात आणि "कुठले म्हणायचे तुम्ही?" असं विचारलंत. रत्नागिरी म्हटल्यावर तुमचा चेहरा असा काही उजळला! तुमचे पूर्वज ऊसमळ्यांत राबायला मुंबई बंदरातून निघालेल्यांपैकी, आणि तुम्ही तिथल्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेल्या. आमच्या हातात छापील कार्यक्रम होता: स्पीड बोट, डॉल्फिन, पाण्यातले खेळ, खरेदी. तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत. सासूबाईंना किती चालवतं आणि मुलीला गाडी लागते का, एवढं विचारलंत. निघण्यापूर्वी आम्हाला हे कोणीही विचारलं नव्हतं. मग त्याच कागदाच्या मागे तुम्ही हिरव्या शाईने नवा कार्यक्रम लिहून दिलात, तुमच्या भाच्याची गाडी ठरवलीत आणि दोनदा स्वतः बरोबर आलात. त्याबद्दल आभार मानायला शब्द कमी पडतात, पण मानतेच.

सुरुवात तुम्ही क्युरपिपच्या त्रू-ओ-सेरपासून केलीत. निजलेल्या ज्वालामुखीचं ते मुख, तीनशे मीटरहून रुंद आणि सुमारे ८० मीटर खोल, आत गर्द झाडी. कडेने डांबरी रस्ता आहे, म्हणून सासूबाईंना सगळी प्रदक्षिणा घालता आली. तिथे तुम्ही रस्त्याकडेचा काळा दगड उचलून मुलीच्या हातात दिलात आणि म्हणालात, "हा तुमच्या सह्याद्रीचा भाऊ."

हे वाचणाऱ्यांसाठी नीट सांगते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त उगमावरून लाव्हा ओतून दख्खनचं पठार झालं, तोच उगम पुढेही समुद्राखाली धगधगत राहिला, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारताची भूमी उत्तरेकडे सरकली आणि मागे त्या उगमाने लक्षद्वीप-मालदीवच्या बुडाची ओळ घातली. सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी त्यातून मॉरिशस वर आलं. आज तो शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून लाव्हा ओकतो. म्हणजे कोकणातून निघालेली माणसं हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून उतरली ती त्याच चुलीतून निघालेल्या दगडावर. ऊस लावण्यासाठी शेतांतले दगड वेचून रचलेले काळे ढीग आम्ही गाडीतून पाहत होतो. तुम्ही हे सांगितल्यावर त्या ढिगांकडे आम्हाला वेगळ्याच नजरेने पाहावं लागलं.

शामारेलची सात रंगांची माती सगळेच बघतात, फोटो काढतात आणि निघतात. तांबडे, तपकिरी, जांभळे, पिवळे उंचवटे, कुंपणाबाहेरून पाहायचे. तुम्ही आम्हाला कठड्याशी उभं करून रंगांचं कारण सांगितलंत. बेसॉल्ट पावसात कुजत गेला, विरघळणारं होतं ते वाहून गेलं, मागे लोखंडाची आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. आपला जांभाही साधारण याच रीतीने होतो. ज्या चिऱ्यांच्या घरात मी वाढले त्यांची घडण मला परदेशात एका मराठीच्या शिक्षिकेने समजावली. जवळचा धबधबाही सुरेख आहे, पण माझं मन मातीतच राहिलं.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेसबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे. १९९४ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल साधारण ६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या हिशेबाने लहानच. कड्यावरच्या सज्जातून दरी पाहिली तेव्हा लांब शेपटीचे शुभ्र समुद्रपक्षी खाली हिरवाईवर घिरट्या घालत होते. पक्ष्यांची पाठ वरून पाहण्याचा तो आनंद वेगळाच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिनी पेरूची लालचुटूक फळं लगडलेली होती. लोक पिशव्या भरत होते, आम्हीही मीठ-मिरची लावून खाल्ली. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "खा, हवी तेवढी खा. पण हेच झाड इथलं जंगल गिळतंय." बाहेरून आणलेलं हे झुडूप इतकं दाट माजतं की मूळच्या झाडांच्या रोपांना उजेड मिळत नाही. मूळ जंगल आता बेटावर दोन टक्केही उरलेलं नाही. डचांनी आबनूस तोडून नेला, पुढे उसासाठी रान साफ झालं, माणसांबरोबर उंदीर, माकडं, हरणं आली. आपल्याकडची साळुंकी आणि शिपाई बुलबुल तिथे जागोजागी दिसतात. मुलगी त्यांना पाहून हरखली होती. तेही आणलेलेच पाहुणे, हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प होती.

आणि मग खरूची या छोट्या शिकारी पक्ष्याची गोष्ट. डोडो सतराव्या शतकातच संपला, ते सगळ्यांना ठाऊक असतं. मॉरिशसची खरूचीही त्याच वाटेने चालली होती. मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी, तुटलेलं जंगल आणि आयात शिकारी प्राणी यांमुळे १९७४ मध्ये रानात फक्त ४ पक्षी माहीत होते. पक्षी वाचवण्याचं काम करणाऱ्या कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यातली अंडी काढून कृत्रिम उबेत पिल्लं वाढवली. अंडी नेली की मादी पुन्हा घालते, या स्वभावाचा त्यांनी उपयोग करून घेतला. आज खरूची काही शे आहेत. आम्हाला ती दिसली नाही, तरी त्या दरीत ती आहे हे ठाऊक असणंही मला पुरेसं वाटलं.

गुलाबी कबूतर मात्र दिसलं. माहेबुरजवळच्या इल-ओ-झेग्रेत या प्रवाळी चुनखडीच्या छोट्या बेटावर तुम्ही आम्हाला पाठवलंत, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, बाकी काही गाळा, हे गाळू नका. वाटाड्याबरोबरच फिरावं लागतं, वाट सपाट आहे, वयस्करांना जमते. १९९० च्या सुमारास रानात दहाएकच उरलेलं ते कबूतर आमच्या डोक्यावरच्या फांदीवर बसून होतं. खाली सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाहून आणलेली अवाढव्य कासवं. मॉरिशसची स्वतःची महाकासवं माणसांनी संपवली, म्हणून त्यांच्या जागी ही. आबनुसाची फळं खाऊन ती बिया पसरवतात आणि नवी रोपं उगवतात. हा आबनूस म्हणजे आपल्या तेंदूचाच भाऊबंद.

परतताना माहेबुरच्या धक्क्यावर तुम्ही २०२० सालाबद्दल बोललात. त्या जुलैत ‘वाकाशिओ’ जहाज तिथल्या प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. गावोगावच्या लोकांनी कापडाच्या पिशव्यांत उसाचं पाचट भरून लांबच लांब तरंगते बांध शिवले. तुम्हीही त्यांत बसून टाके घातलेत, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. बाई, मी तुमच्या हातांकडे पाहत राहिले. ज्या उसाने तुमच्या पूर्वजांचं आयुष्य पिळून काढलं, त्याच्याच पाचटाने तुम्ही समुद्र वाचवायला बसलात. त्या दिवसापासून ब्लू बेचं प्रवाळ काचेच्या तळाच्या बोटीतून पाहणं ही आमच्यासाठी नुसती सहल राहिली नाही.

दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्री-ग्रीबद्दल दोनच ओळी. बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत तिथे तुटलेली आहे, म्हणून लाटा थेट काळ्या कड्यांवर आदळतात; पोहायचं नाव काढू नये. सासूबाई म्हणाल्या, "हा आपला समुद्र." त्यांना निळ्या, निश्चल पाण्यापेक्षा तोच जास्त आवडला.

ल मोर्नला तुम्ही आलात, पण वर चढला नाहीत. ५५६ मीटरचा तो एकटा कडा, पळालेल्या गुलामांचा आसरा. सुटकेची बातमी घेऊन येणाऱ्यांना पकडणारे समजून कित्येकांनी तिथून उड्या घेतल्या, अशी लोककथा तुम्ही पायथ्याशी सांगितलीत. त्यानंतर ‘पाण्याखालचा धबधबा’ पाहायला हेलिकॉप्टर घ्यावं का, हा प्रश्न आमच्यात कोणी पुन्हा काढला नाही. तो धबधबा म्हणजे वाळू-गाळाच्या उतारामुळे वरून पाहताना होणारा भास आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. तामारेंच्या डॉल्फिनमागे बोटी धावतात, त्यांना झोपू देत नाहीत, म्हणून तेही आम्ही वगळलं. मला ते पटलं, आणि इतरांनीही वगळावं असं मी मनापासून म्हणेन.

आता आमची पाळी. जांभ्याचे सडे फुललेले बघायचेत, कातळशिल्पं बघायचीत, असं तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या घरचे गणपती विसर्जन झाले की सप्टेंबरात या. पाऊस थोडा असेल, छत्र्या आमच्याकडे आहेत. सासूबाईंनी तळमजल्याची खोली तुमच्यासाठी ठेवली आहे; जिना चढायला लागू नये म्हणून. मुलीने तुमच्यासाठी कार्यक्रम लिहायला घेतला आहे, तोही हिरव्या शाईने. तिकिटाची तारीख ठरली की कळवा, मुंबईला विमानतळावर आम्ही घ्यायला येतो.

आपली,
रत्नागिरीची विद्यार्थिनी