देनालीच्या पायथ्याहून आई-बाबांना

टॉकीट्ना, अलास्का

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तुला एक गोष्ट मुद्दामच सांगितली नव्हती. काल मी एका छोट्या विमानातून देनाली पर्वत पाहायला गेले होते आणि ते विमान त्याच्या हिमनदीवर उतरलेही. आधी कळले असते तर तू देव पाण्यात ठेवून बसली असतीस.

परवाचे आमचे उड्डाण ढगांमुळे रद्द झाले होते. हा पर्वत उन्हाळ्यातही बहुतेक दिवस ढगांत लपलेला असतो. तेव्हा मी हिरमुसले. पण वैमानिकाने आकाश पाहून सरळ नकार दिला, त्यामुळेच काल त्याच्या मागे निश्चिंत बसता आले. विमानाचा तोल राहावा म्हणून प्रत्येकाचे वजन विचारून जागा ठरवून दिल्या होत्या.

बाबा, मी सात वर्षांची असताना तुम्ही मला हाताला धरून कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढवल्या होत्या. कळसूबाई १६४६ मीटर उंच, देनाली ६१९० मीटर, आणि टॉकीट्ना गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर. त्यामुळे एवढा मोठा चढ खिडकीतून एकाच नजरेत येतो. आधी गाळाने राखाडी झालेल्या नद्यांचे सुटलेल्या वेणीसारखे पसरलेले पेड दिसले, मग जंगल विरळ होत संपले आणि रूथ हिमनदीच्या घळीत आम्ही शिरलो. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे होते, आणि खालच्या बर्फाची जाडी तिथे एक किलोमीटरहून अधिक आहे. विमान चाकांखाली लावलेल्या पट्ट्यांवर, म्हणजे स्कीवर, अलगद टेकले. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता पसरली, तशी मी आजवर कुठेही अनुभवलेली नाही. त्या शांततेत मला तुम्हा दोघांची फार आठवण आली.

कोयुकॉन या इथल्या मूलनिवासींच्या भाषेत देनाली म्हणजे ‘उंच तो’. ७ जून १९१३ रोजी शिखरावर पहिले पाऊल वॉल्टर हार्पर याने ठेवले, आणि त्याची आई इथल्याच मूलनिवासी समाजातली होती. बाबा, हे तुम्हाला आवडेल म्हणून आवर्जून लिहिते आहे.

गुडघ्यांमुळे आता डोंगर संपले, असे तुम्ही गेल्या दिवाळीत म्हणालात, ते माझ्या मनातून गेलेले नाही. इथे विमानात चढायला तीन-चार पायऱ्या आहेत, हिमनदीवर हवे तर दहा पावले चालायचे, नाहीतर दारापाशीच उभे राहायचे. बर्फात घालायचे मोठे बूट तेच देतात. पुढच्या जूनमध्ये तुम्ही दोघांनी यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. हातात चार दिवस ठेवू, म्हणजे ढग आले तरी थांबता येईल. आई, बाबांना एवढ्या उंचीवर नेलेले चालेल का, हे तेवढे डॉक्टरांना विचार, आणि दोघांच्या पासपोर्टची मुदत पाहून मला कळव.

तुमची,
वैशाली