सूचना: अहवालात नवीन लोगो टाकणे

मंडळींनो, अहवाल छपाईला अप्पा बळवंत चौकात द्यायच्या आधी प्रत्येकाने आपापल्या फाइलमध्ये नवीन लोगो टाकून घ्या. ग्रुपवर फोटो म्हणून आलेला लोगो प्लीज वापरू नका, तो कॉम्प्रेस होतो आणि मागची पारदर्शक जागा जाऊन चौकोन दिसायला लागतो, पीएनजी फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. वर्डमध्ये हेडरवर डबल क्लिक करून इन्सर्ट, मग पिक्चर्स, की प्रत्येक पानावर आपोआप येतो. साइज बदलताना कोपराच धरून ओढा, बाजूने ओढलं की चेपतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल हवेत. ज्यांना स्वतः लोगो करून बघायचाय त्यांनी इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, एसव्हीजी या फाइल प्रकारात सेव्ह करा, कितीही मोठा केला तरी फाटत नाही. रंग मात्र दोनच, झेरॉक्समध्येही ओळखता आला पाहिजे.