आइस हॉकीच्या रिंकमधील यंत्रघराची दखल घ्यावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आइस हॉकीच्या बंदिस्त मैदानांचा इतिहास सांगणारा लेख वाचला. विषय मराठी वाचकांच्या फारसा परिचयाचा नसूनही लेखकाने तो आवडीने मांडला आहे, याबद्दल त्यांचे अभिनंदन. मात्र लेखात तपशिलाची एक चूक राहून गेली आहे आणि विषयाची एक मोठी बाजू पूर्णपणे सुटली आहे. माझी सारी नोकरी शीतगृहांतील अमोनिया प्लांटवर झाली असल्यामुळे ही सुटलेली बाजू मला अधिक जाणवली असेल. तरीही ती वाचकांसमोर यावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी चुकीविषयी. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये (रिंक म्हणजे स्केटिंगसाठीचे बर्फाचे मैदान) ३ मार्च १८७५ रोजी झालेला सामना हा बंदिस्त जागेत झालेला पहिला संघटित आइस हॉकी सामना मानला जातो, हे लेखात म्हटल्याप्रमाणे खरेच आहे. परंतु तो ‘कृत्रिम बर्फावर’ खेळला गेला, हे विधान बरोबर नाही. १८६२च्या डिसेंबरात स्केटिंगसाठी खुल्या झालेल्या या वास्तूत बर्फ नैसर्गिकच असे. पाणी सोडायचे, बाहेरची थंडी आत येऊ द्यायची आणि पुढचे निसर्गावर सोपवायचे, एवढीच तिथली यंत्रणा. छपराचे काम वारा आणि हिमवृष्टी अडवण्याचे होते, बर्फ करण्याचे नव्हते. अर्थात त्या इमारतीचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. तिच्यातील बर्फाचा पट्टा साधारण २०४ फूट लांब आणि ८० फूट रुंद होता, आणि आज नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक संघांच्या मुख्य स्पर्धेचे, मैदान २०० फूट बाय ८५ फूट असते, ही दोन मापे शेजारी ठेवली की खेळाला त्याचा आकार कुठे मिळाला हे वेगळे सांगावे लागत नाही. उघड्या गोठलेल्या तळ्यावर वाटेल तितकी माणसे खेळू शकत. भिंतींच्या आत मात्र एका बाजूला नऊच खेळाडू उतरवावे लागले. चेंडू उसळून प्रेक्षकांना लागेल अशी धास्ती काहींना वाटत होती, तेव्हा बर्फ सोडून उडणार नाही अशी लाकडाची चपटी, गोल चकती वापरली जाणार असल्याचा खुलासा तिथल्या वृत्तपत्राने सामन्यापूर्वीच छापला होता. आजच्या रबरी ‘पक’ची ही पूर्वज म्हणता येईल. पक चपटी असण्याशी छपराखाली दाटीने उभ्या राहिलेल्या माणसांचा असा थेट संबंध आहे, आणि ही गोष्ट लेखात यायला हवी होती.

कृत्रिम बर्फाचा मान लंडनकडे जातो. जॉन गॅमगी या गृहस्थांनी १८७६ साली चेल्सी भागात ‘ग्लेसिएरियम’ नावाची जी छोटी रिंक उघडली, ती यंत्राने गोठवलेली पहिली रिंक होय. गॅमगी मूळचे पशुवैद्यक. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून मांस गोठवून आणता येईल का, या खटपटीत त्यांना ही पद्धत सापडली. त्यांच्या रिंकची रचना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. खाली काँक्रीट, त्यावर माती, गाईचे केस आणि लाकडी फळ्या यांचे थर, त्यावर तांब्याच्या लंबगोल नळ्या आणि नळ्यांवर पाणी. ईथरच्या साहाय्याने थंड केलेले ग्लिसरीनयुक्त द्रावण त्या नळ्यांतून फिरत असे. गाईचे केस वाचून हसू येईल, पण ते तिथे उष्णतारोधक म्हणून होते. आज त्यांच्या जागी फोमचे तक्ते बसले आहेत, इतकाच काय तो फरक. गॅमगींचा हा उद्योग दोनतीन वर्षांतच बंद पडला, आणि त्यामागचे एक कारण म्हणजे बर्फावर साचणारे धुके. या धुक्याकडे मी पुढे येणार आहे.

उत्तर अमेरिकेत कृत्रिम बर्फावरचे हॉकी १८९४ साली बाल्टिमोरमध्ये सुरू झाले, आणि कॅनडात, जिथे हा खेळ वाढला तिथे, त्याला १९११ साल उजाडावे लागले. यात आश्चर्य नाही; ज्याच्या अंगणात फुकट बर्फ पडतो, तो कॉम्प्रेसर कशाला विकत घेईल? कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र हिवाळा सौम्य असतो. लेस्टर आणि फ्रँक या पॅट्रिक बंधूंनी वडिलांचा लाकडाचा धंदा विकून आलेल्या पैशांतून व्हिक्टोरिया आणि व्हँकुव्हर या दोन शहरांत यंत्राने गोठवलेल्या रिंक बांधल्या. व्हँकुव्हरच्या डेन्मन अरीनात दहा हजारांवर प्रेक्षकांची सोय होती. लेखात या भावांचा उल्लेख ‘धाडसी व्यावसायिक’ असा एका ओळीत आला आहे. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा बदल त्यांनीच घडवला, कारण अमुक तारखेला अमुक सामना होणारच, असे तिकीट विकताना छातीठोकपणे सांगता येणे यंत्रामुळे शक्य झाले. हवामानावर अवलंबून असलेल्या खेळाला वेळापत्रक मिळाले आणि वेळापत्रकाबरोबर पगारी खेळाडू, लांबचे दौरे व मोठी प्रेक्षागृहे यांचे गणित जमू लागले. ज्या किनाऱ्यावर धड तळेही गोठत नाही, तिथल्या व्हँकुव्हरने १९१५ साली स्टॅन्ली चषक, म्हणजे या खेळातील विजेतेपदाचा मानाचा चषक, जिंकला.

पुढची तीस वर्षे मोठ्या इमारतींची आहेत आणि लेखात ती सविस्तर आली आहेत, म्हणून मी त्यांत रेंगाळत नाही. मॉन्ट्रियलचे फोरम १९२४चे, बोस्टन गार्डन १९२८चे. टोरोंटोचे मेपल लीफ गार्डन्स मंदीच्या ऐन काळात, १९३१च्या जून ते नोव्हेंबर या साडेपाच महिन्यांत उभे राहिले, आणि पैसे कमी पडले तेव्हा कामगारांनी मजुरीचा काही भाग शेअरच्या रूपाने घेतला. एक उल्लेख मात्र वाढवतो. जुन्या रिंक बहुधा लाकडी असत आणि त्या जळत. मॉन्ट्रियलचा वेस्टमाउंट अरीना २ जानेवारी १९१८ रोजी जळाला, तेव्हा नॅशनल हॉकी लीगचा पहिलाच हंगाम चालू होता. घर गमावलेल्या वाँडरर्स संघाने माघार घेतली आणि लीगमध्ये तीनच संघ उरले. डेन्मन अरीनाही १९३६ साली आगीतच गेला.

आता सुटलेल्या बाजूविषयी. प्रेक्षकाला दिसतो तो सुमारे तीन सेंटिमीटर जाडीचा बर्फ. त्याच्या खाली काँक्रीटची लादी असते आणि तिच्यात साधारण दहा सेंटिमीटरच्या अंतराने नळ्या पुरलेल्या असतात; पूर्ण मैदानाचा हिशेब केला तर ही लांबी पंधरा किलोमीटरच्या आसपास जाते. त्या नळ्यांतून ब्राइन, म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचे खारे द्रावण, शून्याखाली आठ-दहा अंशांवर सतत फिरत राहते, आणि त्या ब्राइनला थंड करण्याचे काम यंत्रघरातील अमोनिया किंवा तत्सम वायू करतो. लादीखाली उष्णतारोधक थर असतो. त्याच्याही खाली आणखी एक नळ्यांचे जाळे असते, आणि त्यातून गरम द्रावण फिरवतात. नवख्या माणसाला हे उलटे वाटते, पण शीतगृहात काम केलेल्यांना त्याचे कारण ठाऊक असते. वर्षानुवर्षे थंडी खाली झिरपत राहिली की जमिनीतले पाणी गोठून फुगते आणि वरची लादी उचलली जाऊन तिला तडे जातात. फरशी गोठवायची तर तिच्या खालची जमीन ऊबदार राखावी लागते.

बर्फ घालणे हेही कसबी काम आहे. पाणी एकदम ओतत नाहीत. धुक्यासारख्या तुषारांनी पातळ थर चढवतात, मग पांढरा रंग, मग रेषा आणि पुन्हा थरावर थर. सामन्याच्या मध्यंतरात बर्फ दुरुस्त करणारे यंत्र फिरते, त्यातून कोमट नव्हे तर चांगले कढत पाणी सोडतात. त्याने वरचा खरवडलेला थर किंचित वितळून नवा थर एकजीव होतो आणि पाण्यात विरघळलेली हवा कमी असल्यामुळे बर्फ टणक व नितळ बनतो. हे यंत्र बनवणारे फ्रँक झँबोनी हे कॅलिफोर्नियात भावाबरोबर बर्फाच्या लाद्यांचा कारखाना चालवत. प्रशीतन यंत्रे सर्वत्र होऊ लागली तशी लाद्यांची मागणी घटली, तेव्हा त्यांनी आपले ज्ञान १९४० साली रिंक काढण्यात वापरले. तिथे ट्रॅक्टरमागे खरवडणी ओढून, फावड्यांनी चुरा उचलून, पाणी मारून बर्फ नीट करायला तीनचार माणसांना तासाहून अधिक वेळ लागे. १९४९ साली त्यांचे पहिले यंत्र चालू झाल्यावर हे काम एकाच चालकाकडून सुमारे दहा मिनिटांत होऊ लागले. लेखात झँबोनींचे नाव नाही, याचे मला नवल वाटले.

आता धुके. बर्फाला खरा त्रास बाहेरच्या उष्णतेइतकाच आतल्या दमट हवेचा होतो. २० मे १९७५ रोजी बफेलोच्या प्रेक्षागृहात स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीतला सामना चालू असताना बर्फावर इतके धुके साचले की खेळ पुन्हा पुन्हा थांबवावा लागला, आणि खेळाडूंनी मैदानभर फेऱ्या मारून ते हटवण्याचा प्रयत्न केला. इमारत १९४०ची होती आणि तिला वातानुकूलन नव्हते. हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला जातो, पण ती सगळी वाफ कुठेतरी जाऊन बसत असते. बर्फ समोर असल्यामुळे छपराची आतली बाजू आपली उष्णता त्याच्याकडे टाकत राहते, स्वतः थंड होते आणि तिच्यावर पाणी सुटते. जर्मनीतील बाड राइशेनहाल येथील रिंकचे लाकडी छप्पर २ जानेवारी २००६ रोजी हिमाच्या भाराखाली कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला, त्यांत बहुतेक मुले होती. तुळया जोडताना ओलाव्यात न टिकणारा सरस वापरला गेला होता आणि तीसेक वर्षांच्या दमट हवेने तो निकामी केला होता. रिंकचे छप्पर साध्या गोदामाच्या छपरासारखे मोजता येत नाही ते यामुळेच. याउलट नॉर्वेतील गोविक येथे १९९४च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी डोंगराच्या पोटात ६१ मीटर रुंदीचे दालन कोरून त्यात रिंक केली गेली. खडकाचे तापमान बारमाही जवळजवळ सारखे राहत असल्याने तिथे यंत्रांवरचा ताण कमी पडतो. स्थापत्याच्या चमत्कृती म्हणून लेखात ज्या इमारती आल्या आहेत, त्यांत हिला जागा मिळायला हवी होती. पिट्सबर्गच्या १९६१च्या उघडझाप होणाऱ्या पोलादी घुमटाला लेखकाने दिलेल्या जागेपैकी अर्धी तरी हिला देता आली असती. तो घुमट मुळात संगीतिकांच्या प्रयोगांसाठी कल्पिलेला होता आणि हॉकीच्या दृष्टीने बंद असतानाच बरा होता.

अमोनियाविषयी मी जरा कठोर लिहिणार आहे. उष्णता वाहून नेण्यात त्याच्या तोडीचा वायू विरळा, आणि गळती झाली तर वासावरून लगेच कळते, म्हणून प्लांटवर काम करणाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास असतो. पण बंद खोलीत तो माणसाला वेळ देत नाही. कॅनडातील फर्नी या गावच्या रिंकमध्ये १७ ऑक्टोबर २०१७ रोजी अमोनियाच्या गळतीने तिघे कर्मचारी दगावले. चिलरच्या, म्हणजे ब्राइन थंड करणाऱ्या यंत्राच्या, नळीतून अमोनिया ब्राइनमध्ये उतरतो आहे, हे त्याच्या कित्येक महिने आधी लक्षात आले होते, आणि तरीही हंगामासाठी तोच जुना चिलर पुन्हा चालू करण्यात आला होता. प्लांटवर उमेदवारी करणाऱ्यालाही कळेल असा हा धोका होता. नवीन चिलरला पैसे लागतात, आणि प्रेक्षकाला न दिसणाऱ्या वस्तूसाठी पैसे मंजूर करून घेणे सगळीकडेच अवघड असते. आपल्या लेखाने आसनसंख्या, पडदे आणि छपरे यांपलीकडे पाहायला हवे होते असे मी म्हणतो ते यासाठीच.

लेखाच्या शेवटी ‘भविष्यातील रिंक’ म्हणून जी कल्पना रंगवली आहे, तिच्याशीही मी सहमत नाही. पुढची दहावीस वर्षे ठरतील ती शीतक वायूंवरून, म्हणजे यंत्रात थंडी निर्माण करणाऱ्या वायूंवरून. अनेक रिंक आर-२२ या वायूवर चालत आल्या. ओझोन थर वाचवण्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रियलमध्येच झालेल्या करारामुळे त्याचे नवे उत्पादन अमेरिकेत २०२० पासून बंद आहे. पर्याय दोन: पुन्हा अमोनिया, किंवा फार मोठ्या दाबावर चालणारा कार्बन डायऑक्साइड, ज्याच्या टाकाऊ उष्णतेवर कपडे बदलण्याच्या खोल्या आणि स्नानाचे पाणी तापवता येते. सिएटलमध्ये १९६२चे छप्पर जागच्या जागी तोलून धरून त्याखाली नवे प्रेक्षागृह बांधले गेले आणि २०२१ पासून तिथे छपरावरचे पावसाचे पाणी साठवून बर्फासाठी वापरले जाते. ते कौतुकास्पद आहे, परंतु त्यामागे मोठ्या उद्योगांचे भांडवल आहे. कॅनडातील लहान गावांत साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेल्या असंख्य सार्वजनिक रिंकपुढे मात्र यंत्रघर नव्याने बांधायचे की रिंकला कुलूप लावायचे, असा प्रश्न आहे, आणि लेखमालेचा पुढील भाग निघणार असेल तर तो या रिंकवर असावा, अशी विनंती आहे. मॉन्ट्रियलच्या सामन्याविषयीची दुरुस्तीही आपण छापाल, अशी अपेक्षा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रशीतन अभियंता