क्लब हलवण्याआधी समर्थकांना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतल्या एका जागेचा प्रवास आपल्या वाचकांपुढे ठेवतो. २०१४ पासून ती जागा पुण्याची होती, एफसी पुणे सिटीची. २०१९ मध्ये तो क्लब गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. हैदराबादने मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून विजेतेपद मिळवले. त्यानंतर चार वर्षे व्हायच्या आत, २०२५ मध्ये, हा विजेता क्लबही दिल्लीला हलला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुण्यात, हैदराबादेत किंवा दिल्लीत, कोणत्याही टप्प्यावर प्रेक्षकांचे मत घेण्याचे बंधन कोणावरच नव्हते. आपल्या फुटबॉलमध्ये तसा नियम नाही. तो असावा, एवढ्यासाठी हे पत्र.

पुणेकरांना ही गोष्ट नवी नाही. पुणे एफसी हा आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय स्पर्धेतला गुणी संघ. २०१२-१३ च्या हंगामात तो चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला होता आणि २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम टिकला. एफसी पुणे सिटी २०१८ मध्ये पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचला आणि पुढच्याच वर्षी नाहीसा झाला. चार क्लब, चार वेगळे मालक, आणि स्टँडमध्ये बरीचशी तीच माणसे. मी त्यांच्यातला एक. बालेवाडीच्या मैदानावर पोहोचायचे म्हणजे काय दिव्य होते हे त्या काळी पश्चिम पुण्याबाहेर राहणाऱ्या कोणालाही विचारा. तरी आम्ही जात होतो. क्लब बंद झाल्याचे मात्र आम्हाला बातम्यांतूनच कळले. मुंबईकरांनाही हा अनुभव आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये असाच बंद झाला.

मालकांची बाजू मला समजते. भारतात फुटबॉल क्लब चालवणे हा आतबट्ट्याचा धंदा आहे. तिकिटांतून फारसे काही येत नाही, प्रक्षेपणाचा पैसा तुटपुंजा, आणि २०२५ च्या जुलैत तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातल्या कराराच्या घोळामुळे अख्खा हंगामच लांबणीवर पडला. ज्याच्या खिशातून कोट्यवधी रुपये जातात त्याला ‘आता पुरे’ म्हणण्याचा हक्क असलाच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच, की पैसे काढून घेणे वेगळे आणि क्लबचे नाव, रंग, गाव उचलून दुसरीकडे नेणे वेगळे. पहिले मालकाचे आहे. दुसरे एकट्या मालकाचे नाही.

हा फरक इंग्लंडमध्ये लोकांना ठेच लागून कळला. लंडनचा विम्बल्डन एफसी हा १९८८ मध्ये अंतिम सामन्यात लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला क्लब. १९९१ मध्ये त्याने प्लाउ लेन हे आपले मैदान सोडले आणि दुसऱ्या क्लबच्या मैदानावर बिऱ्हाड केले. मे २००२ मध्ये तीन जणांच्या आयोगाने त्याला मिल्टन कीन्सला, म्हणजे सुमारे ९० किलोमीटरवर, जायची परवानगी दिली. समर्थकांनी आधीपासून विरोध केला होता, मोर्चे काढले होते, कोणी दाद दिली नाही. मग त्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खेळाडू निवडण्यासाठी चाचण्या घेतल्या त्या विम्बल्डनच्या सार्वजनिक माळरानावर. कोणीही यावे आणि खेळून दाखवावे. संघ इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीपासून सुरू झाला आणि २०११ मध्ये, नऊ वर्षांत, फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या व्यावसायिक श्रेणींत, पोहोचला. नोव्हेंबर २०२० मध्ये तो प्लाउ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, नव्या स्टेडियममध्ये परतला. त्या बांधकामाला पैसे कमी पडले तेव्हा एका धनाढ्याला मोठा हिस्सा विकण्याचा पर्याय समोर होता. सभासदांनी त्याऐवजी रोखे काढून पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. तिथे एक सभासद, एक मत असा हिशेब आहे. शंभर पौंडवाल्याला आणि लाख पौंडवाल्याला मत एकच.

मिल्टन कीन्सला गेलेल्या क्लबने २००७ मध्ये विम्बल्डनच्या इतिहासावरचा दावा सोडला आणि एफए कपची प्रतिकृती व इतर स्मृतिचिन्हे मर्टन या विम्बल्डनच्या स्थानिक पालिकेकडे परत दिली. ही छोटी बाब मला फार बोलकी वाटते. आमच्या पुणे एफसीचे चषक आज कुठल्या कपाटात आहेत हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

विम्बल्डननंतरही इंग्लंडला शहाणपण यायला दोन दशके लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये १८८५ साली स्थापन झालेला बरी हा क्लब आर्थिक अनागोंदीमुळे लीगमधून काढून टाकला गेला. एप्रिल २०२१ मध्ये सहा बड्या इंग्लिश क्लबांनी परस्पर युरोपियन सुपर लीग या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेची घोषणा केली आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर दोन-तीन दिवसांत शेपूट घातली. त्यानंतर ट्रेसी क्राउच या खासदारांच्या अध्यक्षतेखाली समर्थकांना केंद्रस्थानी ठेवून चौकशी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये त्यातून कायदा झाला. आता तिथे पहिल्या पाच श्रेणींतल्या क्लबांवर स्वतंत्र नियामक आहे. बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचा मुख्य रंग बदलायचा तर बहुसंख्य समर्थकांची संमती लागते, मैदान विकायचे किंवा सोडायचे तर नियामकाची परवानगी लागते, आणि कारभाराच्या ठरावीक विषयांवर समर्थकांशी नियमित चर्चा करणे बंधनकारक आहे. कार्डिफ सिटीच्या मालकाने २०१२ मध्ये निळ्या जर्सीची लाल करून टाकली होती, ती पुन्हा निळी व्हायला २०१५ उजाडले. असल्या लहरींना आता कायद्याने चाप बसेल.

जर्मनीची व्यवस्था याहून जुनी. १९९८ पासून तिथे क्लबच्या कंपनीत निम्म्याहून किमान एक मत जास्त सभासदांच्या संस्थेकडे राहिले पाहिजे असा नियम आहे. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग हे अपवाद, आणि पळवाट काढणारेही आहेत. पण डिसेंबर २०२३ मध्ये लीगच्या माध्यम हक्कांतला वाटा गुंतवणूकदाराला द्यायचे ठरले तेव्हा प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये करार बारगळला. मला ते चेंडू फेकणे आवडले नाही, हे इथे नमूद करतो. तिकीट काढून आलेल्या बाकीच्यांनी काय पाप केले होते?

समर्थकांच्या हाती कारभार दिला की सगळे आलबेल होते, असेही मी म्हणत नाही. बार्सिलोना सभासदांच्या मालकीचा आहे, अध्यक्ष निवडून येतो, आणि तरी २०२१ मध्ये त्याच्यावर १३५ कोटी युरोंचे देणे असल्याचे जाहीर झाले. मतदारांना मोठमोठ्या खेळाडूंची आश्वासने आवडतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. इंग्लंडच्या पोर्ट्समथ क्लबची गोष्ट उलटी. दिवाळखोरीतून समर्थकांनी २०१३ मध्ये तो सोडवला, २०१७ मध्ये संघाला वरच्या श्रेणीत नेले, आणि त्याच वर्षी मतदान घेऊन तो एका अमेरिकी उद्योगपतीला विकला. आपली ऐपत ओळखून त्यांनीच तसे ठरवले. म्हणून मी मालकी मागत नाही, आपल्याकडे ती झेपणारही नाही. मोजक्या बाबतींत नकार देण्याचा अधिकार मिळावा, इतकेच.

भारतात असे काही शक्य नाही म्हणणाऱ्यांनी कोलकात्याकडे पाहावे. २०२० मध्ये १८८९ सालच्या मोहन बागानच्या नावापुढे एटीके या त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबची अक्षरे आली. समर्थकांनी तीन हंगाम ‘एटीके हटाव’चा धोशा लावला, फलक झळकावले, घोषणा दिल्या. मार्च २०२३ मध्ये संघाने लीग जिंकली त्याच रात्री मालकांनी नाव बदलण्याची घोषणा केली. लोकांचे ऐकले गेले, पण ऐकायला तीन वर्षे लागली, आणि ऐकावे की नाही हे मालकाच्या मर्जीवर होते. मोहन बागानइतका मोठा गोतावळा नसलेल्या क्लबाचे कोण ऐकणार? कोचीला केरला ब्लास्टर्सने २०२५ च्या जानेवारीत समर्थकांचे सल्लागार मंडळ स्थापण्याचे जाहीर केले, तेही मंजप्पडा या समर्थक गटाने व्यवस्थापनाविरुद्ध उघड नाराजी मांडल्यावर. पाऊल चांगलेच. फक्त सल्ला मानलाच पाहिजे असे कुठे आहे?

आणि एवढे लांब तरी कशाला जायचे? माझी सासुरवाडी कोल्हापूरची. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. पेठेतली माणसे वर्गणी देतात, कार्यकर्ते राबतात, आणि संघ वाईट खेळला तर पदाधिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जाब द्यावा लागतो. उद्या कोणी म्हणाला, की पाटाकडीलचा संघ नाशिकला हलवतो, तर त्याचे काय होईल ते लिहायला नको. तिथली हुल्लडबाजी, दगडफेक, सामने थांबवावे लागणे, हे सगळे मला ठाऊक आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. तालमींचे हिशेबही दर वेळी कागदावर चोख असतात असे नाही. पण ‘संघ आमचा’ म्हणताना कोल्हापूरकराच्या बोलण्याला जो आधार असतो, तो आम्हा पुणेकरांच्या नारिंगी जर्सीला कधीच नव्हता.

आता मुद्द्याची मागणी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ क्लबांना परवाना देताना मैदान, युवा संघ, हिशेब अशा अटी तपासतोच. त्यात आणखी एक अट घालावी: नाव, रंग, बोधचिन्ह किंवा शहर बदलायचे असेल, तर नोंदणीकृत समर्थकांच्या बहुमताची संमती हवी, आणि क्लब बंद करायचा असेल, तर किमान एक हंगाम आधी जाहीर सूचना द्यावी, म्हणजे दुसरा मालक शोधायला किंवा लोकांना काही जुळवाजुळव करायला अवधी मिळेल. समर्थक कोण, हा प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याकडे अर्धे स्टँड कधी कधी फुकट पासांवर भरते. क्लबने नाममात्र वार्षिक शुल्क घेऊन यादी ठेवावी आणि सलग दोन वर्षे यादीत असलेल्यालाच मत द्यावे. भाड्याने आणलेली गर्दी दोन वर्षे वर्गणी भरत बसत नाही. महासंघाच्या नव्या घटनेत, सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातल्यामुळे, माजी नामवंत खेळाडूंना सर्वसाधारण सभेत पंधरा जागा मिळाल्या आहेत. ते योग्यच झाले. प्रेक्षकासाठी मात्र तिथे एकही खुर्ची नाही.

महासंघ हलेपर्यंत वाट पाहायचीही गरज नाही. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल राज्य सरकारचे आहे आणि मुंबई सिटी जिथे खेळत आली ते अंधेरीचे मैदान महापालिकेचे. मैदान सार्वजनिक असेल, तर ते वापरायला देतानाच्या करारात ही कलमे घालायला दिल्लीची परवानगी लागत नाही. पुण्यात पुढचा क्लब काढायला कोणी ना कोणी येईलच, अर्ज घेऊन क्रीडा खात्याच्या दारात उभाही राहील. त्याच्याशी भाड्याचा दर ठरवताना क्रीडामंत्र्यांनी आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या राज्याच्या फुटबॉल संघटनेने समर्थक संमतीचे कलम आधी समोर ठेवावे, आणि त्यावर सही होत नसेल, तर मैदानाच्या चाव्या देऊ नयेत.

कळावे,
आपला नम्र,
एक जुना प्रेक्षक, हडपसर, पुणे