भैरवीतल्या त्या जागेसाठी

प्रिय काका,

सादर नमस्कार. समोर बसून तुम्ही आभार मानू देत नाही, 'आधी चहा टाक' म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

बाबांना तुम्ही तीस वर्षं पेटीची साथ केलीत. मी गायला लागलो तशी मलाही. मग त्या वर्षी दिवाळी पहाटेचं बोलावणं बाबांऐवजी मला आलं, आणि नौपाड्यातल्या आमच्या घरात बोलणंच बंद झालं. 'वडील आता थकले,' असं आयोजक बाबांसमोरच म्हणाले होते. मी तिथेच अडवायला हवं होतं. गप्प राहिलो, कारण मला ती मैफल हवी होती. त्यानंतर माझ्या रियाजाच्या वेळी बाबा आतलं दार लोटून घ्यायचे, आणि मी त्यांच्या बंदिशी गाणं सोडलं.

तुम्ही इकडचं तिकडे कधी केलं नाहीत. एकदा फक्त व्हिएन्नाच्या स्ट्राउस बापलेकांची गोष्ट सांगितलीत, रेकॉर्डिंगच्या दिवसांत गोव्याच्या व्हायोलिनवादकांकडून ऐकलेली. दोघांचं नाव योहानच. बापाला पोरगा बँकेत हवा होता. पोरगा चोरून व्हायोलिन शिकला, तेही बापाच्याच वाद्यवृंदातल्या एका वादकाकडून. १८४४ साली त्यानं स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि पहिल्याच मैफलीचा शेवट बापाच्या वॉल्ट्झनं केला. १८४९ मध्ये बाप गेला, आणि त्याचे वादक पोराकडे आले. 'पाचच वर्षं मिळाली रे त्यांना,' एवढंच तुम्ही म्हणालात.

पुढच्या मंगळवारपासून, बाबा घंटाळीला शिकवणीसाठी गेले की तुम्ही मला त्यांची भैरवी सांगू लागलात. त्यांनी स्वतः बांधलेली, मला कधीच न दिलेली. कोमल धैवतावर ते जरा रेंगाळतात आणि मींड घेत, म्हणजे सूर न तोडता घसरत, पंचमावर उतरतात. पेटीवर मींड निघत नाही. तुम्ही भाता थांबवलात आणि बसलेल्या आवाजात ती जागा गाऊन दाखवलीत. मला जमेपर्यंत, पुन्हा पुन्हा. तुम्हाला गाताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मैफलीच्या पहाटे तुम्ही उशिरा पोचलात आणि मी तुमच्यावर चिडलो. त्याबद्दल माफी मागतो. तलावपाळीवरच्या दिवाळीच्या गर्दीतून तुम्ही बाबांना हाताला धरून आणत होतात, हे मला पडदा उघडल्यावर कळलं. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर ते बसले होते.

भैरवी झाल्यावर ते आत भेटायला आले नाहीत. घरी फराळाला बसलो, आणि ताटात बघतच म्हणाले, 'ती धैवताची जागा पेटीवाल्याची आहे, माझी नाही. संध्याकाळी तंबोरा लाव.'

तेव्हापासून रोज सहाला आम्ही समोरासमोर बसतो. भांडतोही, पण सुरांवरून. काका, गुडघे बरे झाले की या. तुमची पेटी आमच्याकडेच ठेवली आहे, आईनं तिला नवीन खोळ शिवली आहे.

तुमचा,
धाकटा