घराच्या कार्बनचा आकडा आधी वीजबिलाशी जुळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत आणि सोसायट्यांच्या अहवालांत हल्ली घरटी कार्बन उत्सर्जनाचे आकडे दिसू लागले आहेत. आकडा संगणकाने काढला म्हणजे तो बरोबरच, अशी समजूत त्यामागे असते. घराचा ऊर्जावापर संगणकावर मोजणाऱ्या एनर्जीप्लस, डिझाइनबिल्डर, हॉट२००० या प्रणालींचे गणित पक्के आहे, त्याबद्दल तक्रार नाही. चूक होते ती त्यांत घराची माहिती भरताना. म्हणून बारा महिन्यांच्या बिलांशी न जुळवलेला आकडा कोणी छापू नये, असे आम्हाला आग्रहाने सांगायचे आहे.

सुरुवात बिलांपासून करावी. ज्या बिलावर ‘सरासरी’ किंवा ‘लॉक’ असा शेरा आहे, त्यातले युनिट अंदाजाचे असतात. पुढचे खरे रीडिंग येईपर्यंतचे महिने एकत्र धरावेत. बिलाचा महिना कॅलेंडरचा नसतो, तेव्हा मागील आणि चालू रीडिंगच्या तारखांमधले दिवस मोजून रोजचा वापर काढावा. छतावर सौर पॅनेल असेल तर बिलातले निव्वळ युनिट उपयोगाचे नाहीत. पॅनेलची निर्मिती अधिक ग्रिडमधून घेतलेली वीज, वजा ग्रिडला दिलेली वीज, हा घराचा खरा वापर.

विजेच्या युनिटचे कार्बन डायऑक्साइडचे किलो करताना सॉफ्टवेअरमधला आयता गुणक (युनिटमागे किती किलो) तसाच राहू देणे ही सर्रास होणारी चूक आहे. अमेरिकेचा सरासरी गुणक आपल्या निम्म्याच्या आसपास आहे. कॅनडातल्या क्यूबेकची वीज तर जवळपास सगळी पाण्यावरची, म्हणून तिचा गुणक नगण्य. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी गुणक जाहीर करते. २०२३-२४ चा भारित सरासरी आकडा युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड असा आहे. डिसेंबर २०१३ अखेर दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशाशी जोडली गेल्यापासून ग्रिड एकच आहे, त्यामुळे मुंबईत वीज कोणत्याही कंपनीची असली तरी हाच आकडा घ्यावा. तो वीजकेंद्राच्या दाराशी मोजलेला आहे, आपल्या मीटरपाशी नव्हे. वर्षाला २,४०० युनिट वापरणाऱ्या घराचे त्याने १,७४५ किलो होतात. वाटेतली गळती १५ टक्के धरली, म्हणजे केंद्रातून निघालेल्या १०० युनिटपैकी ८५ मीटरपाशी पोचतात असे मानले, तर २,०५० च्या वर जातात. गळती धरली की नाही, हे लिहायलाच हवे. गॅसचा हिशेब सोपा आहे: १४.२ किलोचा एक सिलिंडर जळला की साधारण ४२ किलो, पाइपच्या गॅसचे घनमीटरमागे सुमारे २ किलो.

आता सॉफ्टवेअरमधले घर. मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटचे छत आणि जमीन उघडी दाखवली, तर संगणक त्याला सर्वांत वरच्या मजल्यासारखे तापवतो. वर-खाली माणसे राहत असतील तर या दोन्ही पृष्ठांतून उष्णता जात नाही असे धरावे. भिंतीचा प्रकार नीट पाहावा. २३० मिमी विटेच्या प्लास्टर केलेल्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला २ वॉटच्या थोडी वर उष्णता आत येते. हलक्या एएसी (हवेचे बुडबुडे असलेल्या सिमेंटच्या) ब्लॉकच्या २०० मिमी भिंतीतून ०.८ च्या आत. आणि साच्यात ओतलेल्या १५० मिमी काँक्रीटच्या भिंतीतून ३ च्याही वर. आजच्या अनेक उंच इमारती या तिसऱ्या प्रकारच्या आहेत आणि मॉडेलमध्ये मात्र वीट भरलेली असते! छज्जा आणि शेजारच्या इमारतीची सावली राहून गेली, तर पश्चिमेच्या खोलीचा आकडा भलताच फुगतो.

त्याहून मोठा घोळ वापराच्या वेळापत्रकात असतो. परदेशी गृहीतकांत सगळे घर चोवीस तास एका तापमानाला ठेवलेले असते. आपल्याकडे एका बेडरूमचा एसी रात्री दहा ते सहा, तोही एप्रिल ते जून आणि ऑक्टोबरात, पंखा लावून २६ अंशांवर चालतो. गरम पाण्याचेही तसेच. तिकडच्या हिशेबात कुटुंबाला रोज २०० लिटरच्या आसपास पाणी ५५ अंशांपर्यंत तापवले जाते, म्हणजे आपल्याकडच्या २७ अंशांच्या पाण्यालाही साडेसहा युनिट. मुंबईत चौघांच्या चार बादल्यांना, १५ लिटरची एक धरून, एक युनिट पुरते. टाकी तापती ठेवण्यात जाईल ते वेगळे.

मग जुळवणी. मुंबई-ठाण्यात फेब्रुवारीचे बिल पाया म्हणून घ्यावे, कारण तेव्हा एसी बंद असतो आणि गिझरही कमी चालतो. मे महिन्याच्या रोजच्या युनिटमधून फेब्रुवारीचे वजा केले की एसी आणि जास्तीचे पंखे उरतात. मॉडेलमधला एसी याच्याशी जुळला पाहिजे. वर्षाची बेरीज जुळली एवढ्याने भागत नाही. मॉडेलने मे महिन्यात जास्त आणि जानेवारीत कमी दाखवलेले युनिट एकमेकांना झाकतात. अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संघटनेच्या गाईडलाइन १४ मध्ये मासिक आकड्यांसाठी एकूण फरक ५ टक्क्यांच्या आत आणि महिनावार चढउताराची चूक १५ टक्क्यांच्या आत मागितली आहे. हवामानाची फाइल अनेक वर्षांच्या नोंदींतून बनवलेल्या ‘नमुना वर्षा’ची असते आणि बिल खऱ्या वर्षाचे, हेही ध्यानात ठेवावे. उन्हाळा कडक गेला असेल तर त्या वर्षाचे तापमान भरल्याशिवाय मे महिना जुळणार नाही.

इतके सगळे केले तरी एक गोष्ट ऊर्जेच्या मॉडेलमध्ये येतच नाही, आणि तीच सर्वांत जड ठरू शकते: एसीतला गॅस. शंभर वर्षांच्या हिशेबाने, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या चौथ्या अहवालाप्रमाणे, एक किलो आर-४१०ए हवेत गेला तर २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप देतो. आर-३२ चे तेच ६७५ किलो. दीड टनाच्या एसीतला १.२ किलो आर-४१०ए निसटला की अडीच हजार किलो होतात, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या घराच्या वर्षभराच्या विजेपेक्षा जास्त. एसीची यंत्रणा बंदिस्त असते, गॅस जळून संपत नाही. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरावा लागतो’ याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, बहुधा तांब्याच्या नळीचा सांधा आवळणाऱ्या फ्लेअर नटपाशी. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने ती शोधावी, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा काढावी, मगच गॅस भरावा. घर बदलताना एसी काढायचा तर आधी ‘पंप डाऊन’ करून घ्यावे: एसी कूलिंगवर चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा झाला की जाड नळीचा बंद करून लगेच एसी थांबवायचा. नट सैल करून गॅस हवेत सोडून देणे हा मिनिटाभराचा मार्ग आहे, आणि तोच जास्त वापरला जातो.

आपल्या वृत्तपत्राने असे आकडे छापताना वीज किती महिन्यांच्या बिलांशी जुळवली, गुणक कोणत्या वर्षाचा घेतला आणि एसीचा गॅस धरला की नाही, एवढे तीन प्रश्न संबंधितांना विचारावेत, ही विनंती. वाचकांसाठी एक सूचना: मेकॅनिक गॅस भरताना बहुधा फक्त दाबाचा काटा पाहतो. सिलिंडर आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवायला सांगा, आणि गॅसचे नाव व किती ग्रॅम भरला ते पावतीवर लिहून घ्या. त्या पावतीशिवाय ही बाजू मोजण्याचे दुसरे साधन घरात नाही.

आपले,
ऊर्जा लेखापरीक्षणाच्या क्षेत्रातील दोन वाचक, ठाणे