तुमच्या बोर्डिंगमध्ये राहून आजारी पडलेल्या दोन कुत्र्यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
डॉग बोर्डिंग केंद्र,
छत्रपती संभाजीनगर

विषय : केंद्रात गोचीड आणि खोकल्याची साथ असूनही मालकांपासून लपवल्याबद्दल, उपचाराचा खर्च मिळण्याबाबत आणि त्या काळातल्या इतर कुत्र्यांच्या मालकांना कळवण्याबाबत

महोदय,

घरचं लग्न लातूरला होतं म्हणून मे महिन्यात आम्ही शेरू आणि मैना या आमच्या दोन कुत्र्यांना जालन्याहून तुमच्या केंद्रात आणून सोडलं. जाताना दोघंही धडधाकट होती. परत आल्यावर आठवडाभरात शेरूला केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, झाल्याचं निदान झालं आणि त्यानंतर मैनाला गोचीड ताप. मैनाचे उपचार अजून चालू आहेत. फोन केला तेव्हा "गोचीड तुमच्या घरूनच आले असतील" एवढं उत्तर मिळालं आणि पुढे फोन उचलणंच बंद झालं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

जिथे दहा घरची कुत्री एकत्र राहतात तिथे एखादं आजारी कुत्रं कधीतरी येणारच, हे मलाही कळतं. त्यासाठी मी कुणाला धारेवर धरणार नाही. पण तुमच्याकडे आजार होता, तो डोळ्यांना दिसत होता, कानांना ऐकू येत होता, आणि तरीही कुत्री आमच्या ताब्यात देताना तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझी तक्रार मुख्यतः याबद्दल आहे.

आधी गोचिडांचं सांगते. दाखल करताना तुमच्या माणसाने जो फॉर्म भरला त्यात "अंगावर गोचीड, पिसवा" यापुढे "नाहीत" अशी खूण आहे. अक्षर त्याचं, सही त्याची. लसीकरणाची कार्डं त्याने तपासली, दोघांच्याही रेबीजच्या आणि डिस्टेंपर-पार्व्होच्या लसी वेळेवर झालेल्या होत्या, त्याचीही नोंद त्याच कागदावर आहे. तेव्हा "तुमच्या घरून आले" हे म्हणणं तुमच्याच कागदाला धरून नाही.

आता तुमचाच फोटो पाहा. मुक्कामाचा पहिला आठवडा संपताना तुम्ही व्हॉट्सअॅपवर मैनाचा फोटो पाठवला होता. लग्नघरात मोबाइलच्या पडद्यावर तो "मैना मजेत आहे" एवढंच सांगत होता. पुढे ती आजारी पडल्यावर आमच्या डॉक्टरांनी विचारलं, कुठे ठेवली होती, जागा कशी होती, तेव्हा तो फोटो मोठा करून पाहिला. मैनाच्या डाव्या कानाच्या कडेला एरंडीच्या बियांसारखे फुगलेले दोन करडे गोचीड आहेत. तिच्या मागे दाराची चौकट जिथे भिंतीला टेकते तिथला गिलावा फुटलाय आणि त्या फटीतून बारीक तपकिरी गोचिडांची रांग वर छताच्या पत्र्याकडे गेलेली दिसते. फोटो काढणारा माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याला हे दिसलं नाही असं मी कसं मानू? आणि खरंच दिसलं नसेल, तर रोज कुत्र्यांवरून हात फिरवून, कान उलटून पाहण्याचं काम तुमच्याकडे कोण करतं?

कुत्र्यांवरचा हा तपकिरी गोचीड घरात, खोलीत, भिंतीच्या फटीत आपलं सगळं आयुष्य काढू शकतो. मादी रक्त पिऊन फुगली की कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते आणि एखाद्या फटीत हजारोंनी अंडी घालते. त्यातून निघालेलं पिल्लू एका कुत्र्यावर चढतं, रक्त पिऊन खाली उतरतं, भिंतीत कात टाकतं, मग पुढच्या कुत्र्यावर चढतं, आणि पूर्ण वाढ झाल्यावर पुन्हा तिसऱ्यावर. यातलं एखादं कुत्रं एर्लिकियाने, म्हणजे गोचीड तापाच्या जंतूने, आजारी असलं की तो जंतू गोचिडाच्या पोटात राहतो आणि पुढच्या चाव्यात निरोगी कुत्र्याच्या रक्तात उतरतो. घरात दोनच कुत्री असतात. बोर्डिंगमध्ये त्याच भिंतीला टेकून दर आठवड्याला नवी कुत्री बसतात. म्हणून बोर्डिंगवाल्याने कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड वेचून भागत नाही. खोली रिकामी करून फटी बुजवाव्या लागतात, औषध फवारावं लागतं, आणि उरलेल्या अंड्यांतून नवे निघतात म्हणून ठरावीक दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं. हा तुमचा धंदा आहे, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत असायला हवं.

चावा घेतल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत हा ताप उठतो. मैनाची लक्षणं नेमकी त्याच हिशोबात सुरू झाली. आधी तिने भाकरी सोडली. सासूबाई दुधात कुस्करून तिच्यापुढे धरायच्या, ती मान वळवायची. ताप १०४ च्या वर गेला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. डॉक्टरांनी तिला उताणी केलं तेव्हा पोटावर आणि मांड्यांच्या आत जांभळट ठिपके उठलेले होते, हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. त्याच रात्री तिच्या एका नाकपुडीतून रक्त यायला लागलं. ती जीभ फिरवून ते चाटत होती आणि फरशीवर थेंब पडत होते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स ३१ हजारांवर आल्या होत्या; निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या पुढे असतात. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिला नेलं, तिथे एर्लिकियाचं निदान पक्कं झालं. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा २८ दिवसांचा कोर्स सुरू आहे. ते रिकाम्या पोटी दिलं तर उलटी होते आणि तिच्या तोंडाला तर चवच नव्हती. एकेका गोळीसाठी घरातल्या सगळ्यांनी तिच्याभोवती बसून तिला दोन घास खायला लावले आहेत.

डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. हा आजार लवकर ओळखला तर औषधाला चांगली साथ देतो. अंगात मुरू दिला तर हाडांतल्या मगजापर्यंत पोचतो आणि मग कुत्रं हातचं जाऊ शकतं. कुत्री न्यायला आलो त्या दिवशी "आमच्याकडे गोचीड निघालेत, रक्त तपासून घ्या" एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असता, तर पहिल्या तापालाच आम्ही तपासणी केली असती. "उन्हामुळे खात नसेल" असं समजून गेलेले ते दिवस मैनाला महागात पडले.

शेरूचा खोकला त्याआधी सुरू झाला. तो कारवान जातीचा, लातूरकडचा. सडसडीत, एरवी रानात सुटला की दिसेनासा होणारा. दारापर्यंत चालला तरी त्याला ढास लागायची, मान ताणून खाकरायचा आणि शेवटी पांढरा फेस ओकायचा. घशात हाड अडकलंय असं वाटून सासूबाईंनी त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. पट्ट्याचा ताण गळ्यावर आला की जास्तच, म्हणून आता त्याला छातीचा पट्टा घातलाय. केनेल कफ हवेतून आणि एकत्र भांड्यातून पसरतो आणि संसर्गानंतर दोन दिवसांपासून ते दोन आठवड्यांपर्यंत कधीही लक्षणं दिसू लागतात. तुम्ही पाठवलेल्या एका व्हिडिओत शेरू पाणी पितोय. एकाच घमेल्यात त्याच्यासोबत आणखी तीन तोंडं आहेत. आवाज वाढवून ऐका, पलीकडच्या खोलीत एक कुत्रं अगदी हाच कोरडा खोकला खोकतंय. खोलीला खिडकी दिसत नाही. वर पत्रा, समोर दार लावून घेतलेलं आणि आत एक कूलर तीच दमट हवा फिरवतोय. जाहिरातीत "वातानुकूलित, हवेशीर खोल्या" असं लिहिलेलं आहे आणि पैसे त्याच हिशोबाने घेतले आहेत. मेमधलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला मी सांगायला नको. मुकं जनावर त्या पत्र्याखाली ठेवताना तुम्हाला काहीच वाटलं नाही का?

खोकणारं कुत्रं वेगळं ठेवणं, त्याचं भांडं वेगळं करणं, नवीन कुत्री काही दिवस न घेणं, एवढं तुमच्या हातात होतं. ते केलं नाही, निदान आम्हाला सांगायचं तरी. न सांगितल्यामुळे शेरू घरी आल्यावर शेजारच्यांच्या कुत्र्याशी खेळला आणि आता तेही खोकतंय. त्या घरी मी कोणत्या तोंडाने जाऊ?

तुमच्या फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात "मुक्कामात होणाऱ्या आजाराची जबाबदारी केंद्राची नाही" असं छापलेलं आहे आणि तुम्ही त्यावर बोट ठेवाल हे मला माहीत आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये "सेवेतील त्रुटी" म्हणजे काय हे लिहिलेलं आहे आणि ग्राहकाला जी माहिती द्यायला हवी ती जाणूनबुजून दडवणं हेही त्यात येतं. माहिती दडवायची परवानगी त्या ओळीतही कुठे नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणेही ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या भल्यासाठी वाजवी काळजी घेणं बंधनकारक आहे. ते दिवस शेरू आणि मैना तुमच्या ताब्यात होते.

माझी पहिली मागणी पैशांची नाही. मेच्या सुरुवातीपासून आजपर्यंत तुमच्याकडे राहून गेलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकाला तुम्ही ताबडतोब फोन करून सांगा की केंद्रात गोचीड आणि खोकला दोन्ही होतं, ताप आला, खाणं सुटलं, नाकातून रक्त आलं तर लगेच रक्त तपासून घ्या. तुमच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत, फॉर्मवर सक्तीने लिहून घेता. एका दिवसाचं काम आहे. कुणाची तरी मैना या घडीला भाकरी सोडून कोपऱ्यात बसलेली असेल आणि घरचे ऊन बाधलं म्हणून तिला ताक पाजत असतील. हे फोन झाले की तसं मला लेखी कळवा.

भिंती बुजवून, पूर्ण फवारणी होऊन, पशुवैद्यकाने जागा पाहून लेखी देईपर्यंत नवीन कुत्री घेऊ नका. तो कागद केंद्राच्या दारावर लावा. मुक्कामासाठी घेतलेली पूर्ण रक्कम आणि दोघांच्या उपचाराचा खर्च मला परत मिळावा. बिलांच्या, रक्त तपासणीच्या अहवालांच्या आणि तुमच्या फॉर्मच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. फोटो आणि व्हिडिओ तुमच्याच मोबाइलवरून आलेले आहेत, मूळ रूपात माझ्याकडे जपून ठेवले आहेत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पैशांबाबत लेखी उत्तर आलं नाही तर मी जालना जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे त्यासाठी मला संभाजीनगरला खेटे घालावे लागणार नाहीत. इतर मालकांना फोन करण्यासाठी मात्र मी १५ दिवस देऊ शकत नाही. परवापर्यंत ते झाल्याचं कळलं नाही तर तुमच्या शहरातल्या पशुवैद्यकांना मी स्वतः हा सगळा प्रकार कागदपत्रांसह कळवणार आहे, म्हणजे निदान त्यांच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांचं निदान लवकर होईल.

तुमच्याकडे काम करणाऱ्या मुलांवर हे ढकलू नका, ही विनंती. शेरूला न्यायला आलो तेव्हा त्यातल्या एकाने स्वतःच्या खिशातली बिस्किटं त्याला भरवली होती. औषध आणणं, खोल्या बांधणं, किती कुत्री घ्यायची ते ठरवणं हे त्याच्या हातात नाही.

मैनाचा औषधाचा कोर्स संपल्यावर तिची पुन्हा रक्त तपासणी आहे. ते बिल स्वतंत्र पाठवीन.

कळावे,

आपल्या केंद्राची एक ग्राहक,
जालना